‘आवड आहे’ एवढ्यावर भागत नाही: एमएसडब्ल्यूच्या प्रवेशअर्जाविषयी

एमएसडब्ल्यू ही समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी. तिला अर्ज करण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. वर्गातल्या तासांबरोबर आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचे लेखी अहवाल आणि शेवटी लघुप्रबंध असा त्याचा साचा आहे. सोलापुरात हा अभ्यासक्रम वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात चालतो. तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे. पुण्यात १९६३ साली सुरू झालेली कर्वे समाज सेवा संस्था, कोल्हापुरात ‘सायबर’ ही संस्था, मुंबईत १९५५ पासूनचे निर्मला निकेतन महाविद्यालय. सोलापूरच्या पदवीधराला दारे कमी नाहीत. तरी अर्ज भरण्याची वेळ आली की घरातून, मित्रांतून, कधीकधी प्राध्यापकांकडूनही तेच ते आक्षेप ऐकू येतात. त्यांतले काही साफ खोटे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि एक पुरता खरा आहे.

सर्वांत जुना आक्षेप असा की सेवेला पदवी लागत नाही. पंढरपुरात धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा कोणत्या कॉलेजात गेले होते, असा प्रश्न विचारला जातो आणि विचारणाऱ्याला वाटते की वाद संपला. पण गाडगेबाबांकडे कोणी सामाजिक तपास अहवाल मागितला नव्हता. आज कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे येते, तेव्हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याकडून असा अहवाल मागवते. मुलाचे घर, शाळा, सोबती, बापाचे काम, पूर्वीचे गुन्हे असे सगळे त्यात यावे लागते. मूल घरी परत जाईल की सुधारगृहात, हे ठरताना हा कागद मंडळापुढे असतो. शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट कुठवर धरायची, मुलाच्या आईशी बोलताना काय लिहून घ्यायचे आणि काय ऐकून सोडून द्यायचे, हे अंतःकरण मोठे असल्याने आपोआप कळत नाही.

शिवाय महाराष्ट्रातल्या थोर कार्यकर्त्यांना शिक्षणाचे वावडे होते, हेही खरे नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करत होते. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाची माहिती त्यांनी फिरून, मोजून, पद्धतशीर गोळा केली. त्यांची कळकळ कोणाहून कमी नव्हती. तिला अभ्यासाची जोड होती, एवढेच.

कळकळीला पद्धतीची आणि संमतीची जोड नसेल तर काय होते, याचा दाखला खुद्द सोलापुरात आहे. शहराचा एक भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात वसवण्यात आले. हजेरी ठरलेली, बाहेर पडायला परवाना, दिवसा गिरणीत काम. ही व्यवस्था चालवणाऱ्यांच्या लेखी हे सुधारणेचे काम होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा हेतू वाईट नव्हता. शाळा होत्या, दवाखाने होते. फक्त आत राहणाऱ्याला ‘तुला हे हवे आहे का?’ असे कोणी विचारत नव्हते. १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला, पुढे तारा निघाल्या. शिक्का मात्र आजही पोलीस चौकीत आणि शाळेच्या हजेरीपटावर भेटतो.

सोलापूरची ही वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस चालवले. तिथल्या अनुभवातून शिकवल्याशिवाय हे काम नीट होत नाही, असे त्यांचे मत झाले आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातले हे या विषयाचे पहिले विद्यालय; आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. ज्याच्यासाठी काम करायचे त्याचा स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क, गोपनीयता, नोंद आणि वरिष्ठाची देखरेख या गोष्टी तेव्हापासून अभ्यासक्रमाचा कणा आहेत. सेटलमेंटमध्ये नेमके हेच नव्हते. सेवेला शिक्षण नको म्हणणाऱ्याने त्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘सेवे’विषयी विचारून पाहावे.

दुसरा आक्षेप नोकरीचा. हा अर्धा खरा आहे, म्हणून त्याला उडवून लावणे अप्रामाणिक ठरेल. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच पदे कंत्राटी आहेत. स्वयंसेवी संस्थेतला पगार प्रकल्पाच्या निधीवर चालतो. निधी थांबला की माणूसही थांबतो. पण ‘नोकऱ्याच नाहीत’ हे विधान यातून निघत नाही. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातले समुपदेशक ही कामे कोणी तरी करतच आहे. हा विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत टाटा संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून सुरू झाला आणि नंतर शासनाने तो राज्यभर नेला. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ मध्ये त्याच संस्थेतून निघाली. अशा क्षेत्रप्रकल्पांतून पुढे पदे निर्माण होतात, हे आक्षेप घेणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अर्जदार नोकरीची चौकशी करतात. कोणत्या नोकरीला कोणते विशेषीकरण लागते याची करत नाहीत. मनोरुग्णांसोबत काम करायचे असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या व्याख्येत एमएसडब्ल्यू एकटी पुरत नाही. त्यावर मनोविकृती समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. आणि देखरेखीखालचे प्रशिक्षण लागते. पदवी हातात आल्यावर हे कळणाऱ्याचा संताप खरा असतो, पण तो कॉलेजवर काढून उपयोग नाही. मनुष्यबळ विकास हे विशेषीकरण घेणाऱ्यांची गोष्ट याहून गमतीची. एमबीएपेक्षा स्वस्तात एचआर होता येते, असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही: १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते आणि समाजकार्याची पदवी त्या पदासाठी धरली जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितेने हा आकडा २५० वर आणला. पण सोलापूरच्या चादरी आणि टॉवेलचे बहुतेक यंत्रमाग कारखाने यापेक्षा फार लहान आहेत. म्हणजे हे विशेषीकरण निवडणाऱ्याने मनातल्या मनात पुण्याचे किंवा चाकणचे तिकीट काढलेले असते. त्यात गैर काही नाही. अर्जात मात्र ‘माझ्या सोलापूरच्या गोरगरिबांसाठी’ असे लिहू नये.

‘कुठेच नंबर लागला नाही त्यांचा कोर्स’ या तिसऱ्या शेऱ्याला फार जागा देण्याचे कारण नाही. काही महाविद्यालयांत प्रवेश सोपा असतो, हे खरे. पण सोपा प्रवेश मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात क्षेत्रकार्याला हजर असतो का, हे पाहावे. मे महिन्यातल्या सोलापुरात वस्तीवर गृहभेटी करून रात्री त्यांचा अहवाल लिहिणे आणि दुसऱ्या दिवशी तो पर्यवेक्षकापुढे ठेवून ‘हे तुमचे मत आहे, त्या बाईंचे म्हणणे कुठे आहे?’ हे ऐकून घेणे, यात टिकणारे थोडेच असतात.

आता अर्जातल्या मजकुराकडे वळू. बहुतेक चांगल्या संस्था अर्जासोबत किंवा मुलाखतीआधी उद्देशपत्र मागतात: हा अभ्यासक्रम का, हीच संस्था का, पुढे काय. सोलापूरच्या सात रस्ता चौकात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने आहेत, तशी ती शहराच्या प्रत्येक गजबजलेल्या चौकात आहेत. तिथल्या संगणकात उद्देशपत्राचा एक तयार नमुना असतो; नाव आणि गाव बदलले की काम झाले. त्याची सुरुवात लहानपणापासूनच्या समाजसेवेच्या आवडीने होते, मध्ये एखाद्या महापुरुषाचा विचार येतो आणि शेवटी समाजाचे ऋण फेडायचे असते. प्रवेश समितीसमोर असे कागद गठ्ठ्याने येतात. समिती ते वाचत नाही, चाळते.

या पत्राची बाजू घेणारेही आहेत. त्यांचे म्हणणे असे की बीए झालेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या मुलीकडून आणखी कशाची अपेक्षा करायची? या युक्तिवादात सहानुभूती आहे आणि थोडा अपमानही. ती मुलगी विडी कामगाराच्या घरातली असेल तर तिला जे ठाऊक आहे ते समितीतल्या अनेकांना ठाऊक नसते. तेंदूपान भिजवून, पत्र्याच्या मापाने कापून, आई दिवसभरात किती विड्या वळते. हजार विड्या कारखान्यात नेल्यावर खराब म्हणून किती बाजूला निघतात आणि त्यांचे पैसे कोण देत नाही. आजीचे भविष्य निर्वाह निधीचे कागद का अडले. शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत घर मिळाल्यावर कारखाना लांब पडला तेव्हा रोजचे गणित कसे बदलले. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर विडीवरचा कल्याण उपकर गेला तेव्हा घरात त्याची चर्चा झाली की कोणाला पत्ताच नव्हता. यातली दोन वाक्ये जरी नीट लिहिली तरी ते उद्देशपत्र हजारांत उठून दिसते. समिती अर्जदाराच्या दयेचे वजन करत नाही. त्याला पाहता येते का आणि पाहिलेले सांगता येते का, एवढेच ती शोधते, कारण दोन वर्षांचे क्षेत्रकार्य त्यावरच चालणार असते.

यावर एक उलट आक्षेप येतो: मग प्रत्येकाने आपल्या घरातले दुःखच विकायचे का? हा आक्षेप मोलाचा आहे. स्वतःच्या हालअपेष्टांचे भांडवल करून लिहिलेला अर्ज तयार नमुन्याइतकाच पोकळ असतो, आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न आले की अर्जदार रडवेला होतो. पण घरातले न लिहिताही पाहिलेले लिहिता येते. सात रस्त्यापासून रंगभवनाकडे चालत गेले किंवा विजापूर रस्त्याला लागले, तरी सिग्नलवर विकणारी मुले, नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर, शासकीय विश्रामगृहावर निवेदन घेऊन आलेली मंडळी दिसतात. त्यातल्या एका गोष्टीविषयी ‘हे असे का आहे आणि यात कोणत्या खात्याचा संबंध येतो’ एवढे शोधून लिहिले तरी अर्जात जीव येतो.

पुरता खरा आक्षेप आहे तो भाषेचा. तुळजापूरचे संकुल ग्रामीण महाराष्ट्रासाठी म्हणून उभे राहिले. पण २०२४ पासून टाटा संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशाची वाट राष्ट्रीय सीयूईटी-पीजी परीक्षेतून जाते. ती संगणकावर होते आणि प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात. बार्शीच्या किंवा मंगळवेढ्याच्या मराठी माध्यमातून बीए झालेल्या विद्यार्थ्याला हा उंबरठा उंच आहे, आणि मेहनतीने सगळे जमते असे सांगून तो कमी होत नाही. ज्या वस्तीत जाऊन काम करायचे तिची भाषा येणे ही या व्यवसायातली पहिली पात्रता. चाळणी मात्र ती भाषा न विचारता लावली जाते. सोलापुरात हे फार ठळक दिसते. पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी. तीन-चार भाषांत सहज बोलणारा इथला विद्यार्थी अर्जातल्या भाषांच्या रकान्यात ‘मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी’ लिहून मोकळा होतो. तेलुगू लिहायची त्याला लाज वाटते. ती आधी लिहावी. मुलाखत घेणाऱ्याला त्या रकान्याची किंमत कळते.

उरली कागदपत्रे. उद्देशपत्र उत्तम आणि जातवैधता प्रमाणपत्र जात पडताळणी समितीत अडकलेले, अशी स्थिती नेहमीचीच. पदवीची गुणपत्रके, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यास स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असल्यास खंड प्रमाणपत्र, आरक्षणासाठी जातीचा दाखला आणि वैधता, इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमी लेयर, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला: यातले निम्मे तहसीलच्या सेतू केंद्रातून येतात आणि वेळ घेतात. पदवीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा होण्याआधीच त्यांच्या मागे लागावे. नोकरी करणाऱ्याला इग्नूची दूरस्थ एमएसडब्ल्यू हा पर्याय आहे. क्षेत्रकार्य तिथेही टळत नाही, म्हणून रजेचा हिशेब आधी करावा.

मुलाखतीत विचारले जाते ते बहुधा साधे असते. दारुडा नवरा मारतो, पण बाई तक्रार द्यायला तयार नाही; काय कराल? तयारी करून आलेला अर्जदार कायद्याची कलमे सांगतो, भावुक अर्जदार तिला समजावून ठाण्यात नेतो. समितीला बरा वाटतो तो तिसरा, जो आधी विचारतो की ती का तयार नाही.