आडनाव गाळून बायोडेटा पाठवायचा का?

नालासोपारा पूर्वेला आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी परवा बायोडेटा घेऊन आली. बी.कॉम. झालेली, टॅली चांगलं येतं. विचारलं तिने एवढंच, "दादा, आडनाव लिहू, की नुसतं वडिलांचं नाव टाकू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "गाळ." पोरांना हेच उत्तर आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. त्याला कारणही आहे. विरारमध्ये भाड्याची खोली बघायला गेलो, आडनाव सांगितलं आणि सकाळी रिकामी असलेली खोली दुपारी "कालच दिली" झाली. तेव्हापासून आम्हीही आडनाव जपून वापरतो. पण हा सल्ला बरोबर आहे का?

आमचा हा नुसता संशय आहे, असं कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी तो तपासून पाहिला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, बदललं फक्त नाव. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. मुलाखत झालेली नाही, चेहरा पाहिलेला नाही, काम तर दूरच. मग मेरिट नेमकं कुठे तपासलं गेलं?

सकाळच्या विरार फास्टमध्ये मात्र वेगळंच ऐकू येतं. "आरक्षणाने वाटोळं केलं, मेरिटला किंमत उरली नाही." बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही की, साहेब, तुम्ही हे मोजलंत कधी? गंमत म्हणजे ज्यांनी मोजलं त्यांनी रेल्वेतच मोजलं. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढल्याने उत्पादकता घटली, याचा पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या अ आणि ब श्रेणीच्या पदांबाबत तर काही ठिकाणी उलटच, चांगला परिणाम दिसला. ज्या गाडीच्या दारात लटकून हे साहेब आम्हाला नालायक ठरवतात, ती गाडी याच खात्याची!

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचं पेव फुटलं. देणगी भरून डॉक्टर, इंजिनीयर झालेल्यांची संख्या काय थोडी आहे? त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर कोणी "तुम्ही कोट्यातले का हो?" असं विचारल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. पैशाचा कोटा दिसत नाही, जातीचा तेवढा दिसतो.

बरं, आडनाव गाळलं तरी पत्ता उरतोच. नालासोपारा म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. हेच सोपारा एकेकाळी शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, तेव्हा आत अस्थिकरंडक मिळाला. गाव तेच आहे. लौकिक देणारे बदलले.

तेव्हा आडनाव लपवल्याने काय होतं? त्या एका मुलीला कदाचित नोकरी लागते. पण नावावरून माणूस जोखणाऱ्या साहेबाचा समज शाबूत राहतो. ती उत्तम काम करेल आणि तो म्हणेल, "बघा, आमच्याकडे सगळे मेरिटवालेच." आमच्या सल्ल्याने आम्ही त्याचीच सोय करत होतो. दुसरीकडे, तिच्या घरी वडिलांचा रोजगार बंद आहे. तिने स्वाभिमानासाठी उपाशी राहावं, हे सांगायचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

हे सगळं आम्ही तिच्याशी बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, संस्थेच्या पत्रावर तुम्ही तरी आडनाव कुठे लिहिता?" आम्ही गप्प.

शेवटी तिने तिच्या पद्धतीने निकाल लावला. पाच ठिकाणी आडनावासकट अर्ज, पाच ठिकाणी आडनावाशिवाय. "आपणही मोजू या," म्हणाली. दहा अर्जांवरून निष्कर्ष निघत नाही, हे एम.ए.ला आम्हीही शिकलो आहोत. तरी वहीत दोन रकाने आखले आहेत. आज बारावा दिवस, अजून कुठूनच फोन नाही. संस्थेची नवी पत्रं मात्र छापायला दिली आहेत, आडनावासकट.

जय भीम!