वनभोजन आणि भीड

हिवाळा लागला, तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला घरात बसवत नाही. कोणी कळंबच्या चिंतामणीस जातो, कोणी उमरखेडच्या बाजूने पैनगंगेवरील सहस्रकुंड पाहून येतो, कोणी पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या अरण्याची वाट धरतो. आणि ज्यास यांपैकी काहीच साधत नाही तो निदान एखाद्या स्नेह्याच्या शेतात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतो. ही रीत उत्तम आहे, व ती वाढावी असेच आम्ही इच्छितो. परंतु अशा सहलीहून परतलेल्या मंडळींची घरोघरची बोलणी ज्याने ऐकली असतील त्यास ठाऊक आहे की, सहल कशी झाली या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका साच्याचे असते: "सहल झकास झाली, पण अमके नसते तर बरे झाले असते." हा जो 'पण', त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम स्वतःच्याच घरचे उदाहरण सांगतो. गेल्या पौषात आम्ही अकरा माणसे टिपेश्वरास गेलो होतो. पहाटे चारला निघावयाचे ठरले होते, कारण सुन्ना फाटकातून सकाळच्या फेरीस आत सोडण्याची वेळ ठरलेली असते. दहा माणसे वेळेवर आली. अकरावे गृहस्थ आमचे जुने स्नेही. शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे, बोलण्यात गोड. ते पन्नास मिनिटे उशिरा आले आणि म्हणाले, "अहो, सहलच तर आहे; कचेरी थोडीच आहे?" सगळे हसले. थंडीत पन्नास मिनिटे कुडकुडलेली मुलेही, वडील माणसे हसतात म्हणून, हसली. पुढे अरण्यात शिरल्यावर त्यांचा मोबाईल वाजला व ते मोठ्याने बोलू लागले. वाघाची चाहूल लागली तेव्हा गाडी आणखी जवळ घेण्याविषयी ते चालकास सांगू लागले, वर "जादा पैसे देतो" असेही म्हणाले. सोबतचा मार्गदर्शक तरुण मुलगा होता. त्याने नम्रपणे नकार दिला, तेव्हा हे सद्गृहस्थ त्याच्याशी जे 'अरे-तुरे' बोलले ते येथे उतरविण्याजोगे नाही. गाडीत आम्हीही होतो. वकिलीच्या कामात परक्या माणसाच्या एका अपशब्दावर नोटीस धाडणारे आम्ही, त्या वेळी दुर्बीण डोळ्यांस लावून झाडांकडे पाहत बसलो.

तेथून एका शेतावर रोडग्यांचा बेत होता. आमच्या घरांतील चार बायका सफारीचा मोह सोडून आधीच तेथे पोहोचल्या होत्या. कणीक मळणे, वरण चढविणे, वांग्याची भाजी टाकणे, धुराने डोळे चोळणे हे सर्व त्यांच्याकडे. आमचे स्नेही वाटेत कोणास न विचारता आपले दोन ओळखीचे इसम बरोबर घेऊन आले. पुरुषांची व मुलांची पंगत आधी बसली. रोडगे मोजून केलेले होते, हे सांगण्याची हिंमत कोणास झाली नाही. ज्यांनी रोडगे भाजले त्यांच्या पानात शेवटी वरण-भातच आला. वर्गणीचा विषय निघाला तेव्हा "पाहू नंतर" असे झाले, आणि दोन माणसांनी मुकाट्याने तिघांचा भार उचलला.

या प्रकारात राक्षसी असे काहीच नाही. असा माणूस वाचकांपैकी प्रत्येकाच्या ओळखीचा असेल, व म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. परक्याने आपल्या पायावर पाय दिला तर आपण ओरडतो. ओळखीच्याने दिला तर "असू द्या, असू द्या" म्हणून आपणच पाय काढून घेतो. हिलाच आपण सभ्यता समजतो. आमच्या मते ही सभ्यता नव्हे, ही भीड होय. आणि भीड भिकेची बहीण हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हणून ठेवलेले नाही. भेद एवढाच की, भीड आपण धरतो आणि भीक मात्र भलत्याच्याच पदरी पडते. वर सांगितलेल्या हकिकतीत आम्ही गप्प बसलो त्याची किंमत आम्हांस काय पडली? काही नाही. ती त्या मार्गदर्शक मुलाने दिली, कुडकुडणाऱ्या पोरांनी दिली, आणि चुलीपुढच्या बायकांनी दिली. ज्यास बोलता येत होते त्याने मौन धरावे व ज्यास बोलता येत नव्हते त्याने भोगावे, ही वाटणी न्यायाची आहे काय, याचा विचार सुशिक्षितांनी अवश्य करावा.

कोणी म्हणेल की, एका दिवसाची तर गोष्ट. इतका खल कशास? यास आमचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे एखादा मनुष्य दुसऱ्याच्या जमिनीतून शांतपणे, उघडपणे, हक्काने व अखंड वीस वर्षे वाट वहिवाटीत आला, तर ती वाट त्याच्या हक्काची होते. मालक स्वस्थ बसला, हाच पुरावा. सहलीच्या मंडळींत इतकी वर्षे लागत नाहीत. एखाद्या गृहस्थाने दोन वेळा पुढची जागा बळकावली व कोणी हरकत घेतली नाही, की तिसऱ्या खेपेस ती जागा त्यांची वहिवाट ठरते, आणि तेथे चुकून दुसरा कोणी बसला तर तोच अतिक्रमण करणारा! तीच गत उशिराची, तीच न दिलेल्या वर्गणीची. शिवाय ही वहिवाट वारसाने पुढे जाते. बापाने मार्गदर्शकास 'अरे' म्हटलेले ज्या मुलाने ऐकले, तो पुढल्या वर्षी काय म्हणेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

अशा भिडेचे फळ काही वेळा वर्तमानपत्रांपर्यंत व न्यायालयापर्यंतही जाते. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात 'एफ-२' नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिची पाच पिल्ले यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडविली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन या प्रकरणाची दखल घेतली. गाड्यांचे चालक व मार्गदर्शक यांस निलंबित करण्यात आले, दंडही झाला. त्यांनी नियम मोडला हे खरेच; अभयारण्यात वन्य प्राण्यास त्रास देण्याची मनाई १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट आहे. परंतु गाडी जवळ घे, आणखी जवळ घे, ही मागणी मागच्या बाकावरून होत असते हे जंगलात गेलेला प्रत्येक मनुष्य जाणतो. चालकाची रोजी प्रवाशाच्या खुशीवर. त्याने नकार द्यावा असे आपण म्हणतो; मग त्याच्या नकारास आधार देणारा एक तरी आवाज मागच्या बाकावरून का उठू नये? पाच जणांपैकी एकाने जरी म्हटले, "राहू द्या, येथूनच दिसते आहे," तरी त्या तरुणाचे बळ दहापट वाढते. टिपेश्वरात आम्ही तो एक आवाज झालो नाही, ही कबुली येथे देणे प्राप्त आहे.

आता उपाय. अशा माणसास पुन्हा बोलवू नये, हा पुष्कळांचा तोडगा असतो. तो आम्हांस पसंत नाही. जातीजातींच्या वेगळ्या पंगती मोडून माणसे एका ठिकाणी जेवावयास बसावीत, म्हणून या महाराष्ट्रात थोर लोकांनी शिव्याशाप सोसले आहेत. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने भरविली ती करमणूक म्हणून नव्हे. आज शेताच्या बांधावर नाना जातींची, नाना धंद्यांची माणसे सहज एकत्र बसून रोडगे खातात, ही मिळकत फार कष्टाची आहे. एकाच्या उद्दामपणामुळे मंडळीच मोडावी व ज्याने त्याने आपापल्या चार भिंतींत जेवावे, हा तोटा साऱ्या समाजाचा होईल. बरे, न बोलाविण्यातही पुन्हा भीडच आहे. तोंडावर सांगण्याचे धैर्य नाही म्हणून पाठीमागे दार लावून घ्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ.

मग तोंडावर सांगावे ते कसे? याचा धडा आमच्याच जिल्ह्याने एकदा साऱ्या वऱ्हाडास दिला आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद तालुक्यात राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहास आरंभ केला व अटक करून घेतली. तीही एका परीने माणसांची अरण्यात निघालेली टोळीच होती. पण सत्याग्रहाची रीत अशी की, काय करणार ते आधी जाहीर सांगावे, तोंडातून वावगा शब्द काढू नये, आणि जे परिणाम होतील ते आपल्या अंगावर घ्यावे. त्या चळवळीचे नाव सविनय कायदेभंग. परक्या सरकारचा कायदा ज्या जिल्ह्यात विनयाने मोडला गेला, तेथे स्नेह्याची भीड विनयाने मोडता येऊ नये काय? आम्ही यास सविनय भीडभंग म्हणतो. 'सविनय' हा शब्द कोणी गाळू नये. चारचौघांत टोमणे मारणे, घरी आल्यावर मोबाईलच्या समूहात नाव न घेता सुभाषिते धाडणे, हा भीडभंग नव्हे, ही भेकड चहाडी आहे. ज्यास सांगावयाचे त्यास, एकटे गाठून, शक्य तर निघण्यापूर्वी, त्याचे वर्तन तेवढे सांगावे. त्याचा स्वभाव, त्याचे खानदान व त्याच्या मागल्या दहा चुका काढू नयेत. वेळेची मर्यादा व वर्गणी आदल्या दिवशी सर्वांस सारखी लावावी, म्हणजे कोणा एकास बोचणार नाही. मात्र चालकाचा किंवा गड्याचा अपमान होत असेल तेव्हा एकांताची वाट पाहू नये. तेथे जागच्या जागी बोलावे.

आणि एक प्रसंग असा आहे की जेथे विनयासही फार वेळ देता येत नाही. त्या दिवशीची हकिकत अर्धीच सांगितली आहे. शेतावर जेवणानंतर आमचे स्नेही व त्यांचे दोघे सोबती झाडामागे बाटली घेऊन बसले, आणि सायंकाळी निघतेवेळी आपण मोटार चालविणार म्हणून त्यांनी हट्ट धरला. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश घेऊन गाडी हाकणे हा गुन्हा आहे. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि १८८ व्या कलमाने त्यास उत्तेजन देणाराही तितक्याच शिक्षेस पात्र. ही कलमे आम्हांस तोंडपाठ होती. त्या मोटारीत तीन मुले बसावयाची होती. तरीही आम्ही पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. कारण ते वयाने वडील, कारण ते स्नेही, कारण उद्या त्यांच्याच घरी लग्न. तेव्हा सकाळपासून चुलीपुढे बसलेल्या व सर्वांच्या मागून जेवलेल्या काकू पदराला हात पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, किल्ली माझ्यापाशी द्या. तुम्ही मागं बसा. राग धरला तरी चालंल." आवाज चढला नाही की काही नाही. किल्ली त्यांच्या हातात आली, आणि गाडी आमच्यातील एका न प्यालेल्या मुलाने चालविली.

आमचे स्नेही आठ दिवस रागावले होते. नवव्या दिवशी काकूंच्याच घरी चहास गेले. स्नेह तुटेल, तुटेल म्हणून आपण ज्याचे भय बाळगतो तो इतका कच्चा नसतो. आणि जो खरोखर एका किल्लीने तुटेल तो कशाच्या जोरावर टिकला होता, हेही एकदा पाहून घेतलेले बरे.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट राहिली. भीडभंगाचा अर्ज आमच्याविरुद्धही दाखल होऊ शकतो, आणि तो झालाही. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही स्नेह्यांचे दोष मोजीत असता, आमच्याच गृहिणीने विचारले की, सकाळी वाटेत मुले गाणी म्हणत होती तेव्हा त्यांस गप्प करून सव्वा तास राज्यकारभारावर व्याख्यान कोणी दिले? यास आमच्यापाशी कैफियत नव्हती.

यंदाचा बेत ठरला आहे. वर्गणी आली, त्यात मागील वर्षीची बाकीही आली. निघण्याची वेळ चारची, आणि गाडी चारलाच हलेल, हे स्नेह्यांस आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत, मग "बरं" म्हणाले. जंगलात या खेपेस बायका जावयाच्या आहेत. रोडगे पुरुषांनी करावयाचे असून गोवऱ्या रचण्याचे काम त्या स्नेह्यांकडे व कणीक मळण्याचे आमच्याकडे आले आहे. काकूंनी परवा कणकेत मिठाचे व मोहनाचे प्रमाण कागदावर लिहून दिले, तो कागद आम्ही खटल्याच्या कागदांत जपून ठेवला आहे.