पहिल्या पाटीचें ऋण

उन्हाळ्यांत परीक्षांचे निकाल लागले कीं पाठोपाठ गुणगौरव-समारंभांचे दिवस येतात. गांवोगांवच्या शाळांपुढें मांडव पडतो. कोणी वैद्य झालेला, कोणी परदेशीं मोठ्या हुद्द्यावर चढलेला माजी विद्यार्थी शाल व श्रीफळ स्वीकारतो. पाहुण्यांचें भाषण होतें, टाळ्या वाजतात व सभा उठते. या समारंभांविषयीं आम्हांस आदरच आहे. ज्या गांवाला आपल्या लेकरांचें कौतुक करतां येत नाहीं, त्या गांवाची आठवण लेकरांनीं तरी कां ठेवावी? परंतु उभें आयुष्य खडूच्या धुळींत गेल्यामुळें असेल, अशा प्रसंगीं आमची दृष्टि व्यासपीठावर फार वेळ टिकत नाहीं. ती मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या वृद्ध गुरुजींकडे जाते, आणि मनांत येतें कीं, या गौरवाचा हिशेब पुरता मांडला गेला आहे काय?

मनुष्य जन्मतःच देवांचें, ऋषींचें व पितरांचें अशीं तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं मानिलें आहे. पैकीं ऋषिऋण फेडावयाचें तें अध्ययनानें. विद्या घेतली ती जपली पाहिजे, वाढविली पाहिजे व पुढच्याच्या हातीं दिली पाहिजे. म्हणजे हें ऋण ज्याचें त्याला परत करून फिटत नाहीं; तें तिसऱ्याच कोणाला द्यावें लागतें. सत्काराच्या सभेंत नेमका हाच मुद्दा राहून जातो.

हा विचार हवेंत राहूं नये म्हणून आम्ही वाचकांपुढें एकाच तालुक्याचें उदाहरण ठेवतों. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुका. जांभ्याची तांबडी जमीन, पावसाळ्यांत भाताचें एक पीक, किनाऱ्याला नारळी-पोफळी, आणि घरटीं एक तरी माणूस मुंबईस. कोंकण रेल्वे झाली तीहि खेडवरूनच निघून गेली. दापोलीस आगगाडी नाहीं. अशा या आडबाजूच्या तालुक्याच्या शाळांनीं काय दिलें, तें पाहावें.

प्रथम मुरुड. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा, आणि शिक्षणाचा आरंभ याच गांवच्या मराठी शाळेंत. तेथें त्यांना विनायक लक्ष्मण सोमण या नांवाचे गुरुजी भेटले. सोमण गुरुजींनीं क्रमिक पुस्तकें तर शिकविलींच. पण गांवच्या बऱ्यावाईटाचा विचार करणें हेंहि शिकलेल्या माणसाचें काम आहे, ही जाणीव त्यांनीं या लाजाळू मुलाच्या मनांत उतरविली. देवळांत जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम त्यांनीं त्याजकडे सोपविलें. पुढें जगानें ज्यांना महर्षि म्हटलें, त्यांची सार्वजनिक कार्याची धुळाक्षरें तीं हींच.

१८७५ सालीं सरकारी नोकरीस उपयोगी पडणाऱ्या परीक्षेसाठीं हा मुलगा सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेला. भर पावसाचे दिवस, मध्यें सह्याद्रीचा घाट, आणि वाट शंभर मैलांहून अधिक. तेथें पोहोंचल्यावर परीक्षकांनीं, वय लहान दिसतें, एवढ्याच कारणावरून त्याला परत पाठविलें. मॅट्रिक होण्यास त्याला १८८१ साल उजाडलें. तेव्हां वयाला तेवीस वर्षें झालीं होतीं. आमच्या घरांतून एखाद्या मुलाचें एक वर्ष फुकट गेलें तर चूल पेटत नाहीं. अशा मातापित्यांनीं हा हिशेब एकवार करून पाहावा.

मिळवते झाल्याबरोबर, १८८६ सालीं, कर्वे यांनीं 'मुरुड फंड' काढला. बाहेर गेलेल्या मुरुडकरांनीं आपल्या प्राप्तींतील लहानसा भाग गांवासाठीं बाजूला ठेवावा, ही त्यामागची कल्पना. आणि याच गांवानें, १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं पुनर्विवाह केल्यावर, त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज मुरुडचें नांव निघतांच कर्वे यांचें नांव निघतें व गांवकऱ्यांची मान ताठ होते, हें योग्यच आहे. परंतु गौरवाच्या सभेंत हें दुसरें पानहि वाचलें जावें असें आम्हांस वाटतें. १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें तेव्हां टाळ्या वाजविणें सोपें होतें. १८९३ सालीं ज्यांनीं आपलें दार उघडें ठेविलें असेल, त्यांनींच खरा सत्कार केला.

मुरुडापासून जवळच, आंजर्ल्याच्या बाजूला मुर्डी म्हणून गांव आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथले. कर्वे यांचे ते आप्त, आणि त्यांचें पुढील शिक्षण कर्वे यांच्याच देखरेखीखालीं मुंबईस झालें. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत ते सीनिअर रँग्लर झाले; हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. एवढ्या यशानंतर कोणतीहि मोठी सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती. पण दिलेल्या शब्दाप्रमाणें ते पुण्यास परतले, व १९०२ पासून पुष्कळ वर्षें फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल राहिले. पुढें मुंबई इलाख्याचे ते शिक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १९२३ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा मार्ग खुला करणारा कायदा झाला. खेड्यांत जन्मलेल्या मुलाला विद्येचें जें दार उघडें मिळालें, तें इतरांसाठीं उघडें राहावें म्हणून त्यानें कायद्याची खुंटी मारली. ऋण फेडणें तें याहून वेगळें काय असतें?

तिसरें नांव महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें. वडील दापोलीस वकिली करीत. मुलाचें इंग्रजी शिक्षण झालें तें तेथील मिशन हायस्कुलांत. तीच शाळा पुढें आल्फ्रेड गॅडने हायस्कूल या नांवानें चालूं लागली. ज्यांनीं १९३० ते १९६२ एवढ्या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच प्रचंड खंड सिद्ध केले व ज्यांना १९६३ सालीं भारतरत्न मिळालें, त्यांचा विद्यारंभ ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बांकावर व्हावा, ही गोष्ट आमच्या सनातन घरांतून मुद्दाम सांगितली पाहिजे. विद्या देणाऱ्याचा धर्म विचारून विद्या घेतली असती, तर आमच्याच धर्माचा इतिहास अलिखित राहिला असता.

त्याच शाळेच्या बांकावर, काणे यांच्यामागून कांहीं वर्षांनीं, पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा मुलगा बसला. घरची गरिबी एवढी कीं, स्वस्तांत शिक्षण मिळतें म्हणून त्याला दापोली सोडून औंध संस्थानांत जावें लागलें. हेच पुढें साने गुरुजी. १९२४ पासून सहा वर्षें ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांत त्यांनीं मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक चालविलें व मुलांना आईची माया दिली. १९४७ सालच्या मे महिन्यांत पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून त्यांनीं प्राण पणास लाविले. दापोलीच्या कोणत्या गुरुजींनीं त्यांच्या मनांत कोणतें बीज टाकलें, हें कोणत्या गुणपत्रिकेवर लिहिलेलें असणार?

हीं चार नांवें वाचून चाणाक्ष वाचकांच्या एक गोष्ट ध्यानांत आलीच असेल. चारहि घरें एकाच ज्ञातीचीं, आणि चौघेहि पुरुष. बुद्धि देवानें केवळ तेवढ्याच घरांत वांटली होती काय? दापोलीच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यांत आंबडवे गांव आहे. तेथले सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेंत मुख्य शिक्षक होते. म्हणजे आमचेच व्यवसायबंधु. सेवानिवृत्त झाल्यावर कांहीं काळ ते दापोलीस राहिले, नंतर साताऱ्यास गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्यांच्या मुलाचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत घातलें गेलें. त्या भीमरावाला वर्गांत इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. हर्णैच्या कोळ्यांचीं, डोंगरकपारींतल्या कुणब्यांचीं, आणि सर्वच घरांतल्या मुलींचीं किती नांवें फलकावर यावयाचीं राहिलीं, याची गणना कोण करणार? जुन्या शाळांचा गौरव करतांना त्यांच्या दारांतून परत गेलेल्या मुलांचें स्मरण ठेवणें, हा त्या गौरवाचाच भाग आहे.

ही उणीव ज्यांना बोंचली त्यांत पुन्हां कर्वेच पुढें होते. १९३६ सालीं, वयाची अठ्याहत्तरी गांठलेली असतां, ज्या खेड्यांत शाळाच नाहीं तेथें ती काढावी म्हणून त्यांनीं ग्राम-प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ स्थापन केलें व स्वतः हिंडून वर्गणी गोळा केली. महिला विद्यापीठ स्थापणारा मनुष्य उतारवयांत पुन्हां बिगरीच्या वर्गाकडे वळला. सोमण गुरुजींची ही खरी गुरुदक्षिणा होय.

आतां आजचें पाहूं. १९६२ सालीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या व खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. वाडी-वाडीवर शाळा झाली, मुली आल्या, कोळ्यांचीं व कुणब्यांचीं मुलें आलीं. हें सामान्य पुण्य नव्हे. मुलांना शाळेंत शिजवलेलें अन्न मिळूं लागलें. २०१० सालीं शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आला. परंतु कोंकणांत दुसरेंच संकट उभें आहे. आईबाप मुंबई-पुण्यास, त्यांच्यामागून मुलेंहि तिकडेच; मागें शाळेंत उरतात दहा-पंधरा मुलें. तेथें दोन गुरुजी, कधीं एकच, चार-पांच इयत्ता एका खोलींत शिकवितात. एका कोपऱ्यांत अंकलिपि, दुसऱ्यांत भागाकार, तिसऱ्यांत भूगोल. त्यांतच निवडणुकीचें काम, शिरगणतीचें काम, व न संपणारीं पत्रकें. पुष्कळ गुरुजी मराठवाड्यांतून वा घाटावरून आलेले. ते आधीं मुलांची बोली शिकतात व मग मुलांना पुस्तकी भाषा शिकवितात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, दापोली-मंडणगडांत घरांचीं नि शाळांचीं छपरें उडालीं. तेव्हां महामारीमुळें शाळा आधींच बंद होत्या. अशा दिवसांतहि वाडीवर जाऊन, अंगणांत मुलें बसवून, अक्षरांची ओळख पुसूं न देणारे शिक्षक कोंकणांत होते. त्यांच्या वाट्याला शाल आली नाहीं, आणि त्यांनीं ती मागितलीहि नाहीं.

म्हणून गुणगौरव करणाऱ्या मंडळींस आमची नम्र सूचना आहे. सत्कारमूर्तीला व्यासपीठावर बोलावतांना त्याच्या पदव्यांच्या आधीं त्याच्या पहिलीच्या गुरुजींचें वा बाईंचें नांव उच्चारावें. तें ठाऊक नसल्यास शाळेचें जुनें रजिस्टर उघडावें, जुन्या जाणत्यांस विचारावें. मुलांचें अन्न शिजविणारी बाई, शाळेचा शिपाई, अंगणवाडींतली ताई यांनाहि त्याच मांडवांत, त्याच मानाच्या ओळींत बसवावें. आणि सत्कार घेणाऱ्यानें भाषणांत केवळ आठवणी न सांगतां, मुरुड फंडाच्या धर्तीवर आपल्या प्राप्तीचा कोणता भाग, वा वर्षांतले कोणते चार दिवस, तो या शाळेला देणार आहे तें सांगावें. रक्कम लहान असली तरी चालेल. नेम मोडतां कामा नये.

आमच्या वाचक कुटुंबांतून कोंकणांत मूळ घर असलेलीं घरें थोडीं नाहींत. गणपतीला वा शिमग्याला आपण गांवीं जातां. देवाला नारळ ठेवतां, ग्रामदेवतेची ओटी भरतां. त्याच फेरींत गांवच्या शाळेच्या पायरीवर मुलांसह एकदां जावें. घरांतल्या आजोबांना व आजींना त्यांना पाटीवर पहिलें अक्षर कोणी काढून दिलें तें विचारावें, आणि सूनबाईंनीं तें नांव घरच्या वहींत तिथिवारासह लिहून ठेवावें. ज्या आजींना शाळाच मिळाली नाहीं, त्यांनीं तेंहि सांगावें. तेंहि लिहिलें जावें. वंशावळ आपण सात पिढ्यांची जपतों, मग विद्येची वंशावळ एका पिढीपुरती तरी कां जपूं नये? ज्या शाळेंत आज दहाच मुलें आहेत, त्या दहांत एखादा लाजाळू मुलगा किंवा मुलगी खालीं मान घालून बसलेली असेल. तिच्या गुरुजींना आज आपली पाठराखण हवी आहे. तिचा सत्कार पन्नास वर्षांनीं कोणीहि करील.