खिडकीची फिल्म आणि पडदा

पश्चिमेच्या खिडकीतून जोहरनंतर आत येणारे ऊन मगरिबपर्यंत फरशी आणि भिंती तापवत राहते. पंखा मग तीच गरम हवा फिरवतो. काचेला फिल्म लावली तर फरक पडतो. मात्र दुकानात जाऊन ‘सगळ्यात काळी द्या’ असे सांगू नका. काळेपणा उजेड अडवतो, आणि उन्हातली निम्मी उष्णता तर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. शिवाय काळी फिल्म स्वतःच तापते व त्यातली थोडी उष्णता घरात सोडते. एकूण उष्णतेपैकी किती टक्के अडते, एवढेच विचारा. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात तो आकडा असतो. (काळ्या फिल्मला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल वाहनांपुरता आहे, घरांसाठी नाही.)

आरशासारखी चकाकणारी फिल्म ऊन परतवते आणि दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही. त्यामुळे पुष्कळ घरांतून पडदे उतरतात. पण भगिनींनो, मगरिबला दिवे लागले की सारे उलटे होते. आतून बाहेरचे दिसत नाही, बाहेरून मात्र घर उघडे पडते. समोरच्या इमारतीतून एकदा कोणाला तरी पाहायला सांगा, म्हणजे खात्री पटेल. पडदा राहू द्या.

जाळीची तार असलेल्या काचेवर फिल्म लावू नये, तापून तडा जाऊ शकतो. आणि दुपारी खिडकी उघडीच ठेवत असाल, तर हा खर्चच नको. बाहेरच्या बाजूने बांबूची चिक सोडा; ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.