शाळा कुणाच्या ताब्यात?

निवासी शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली अल्बर्टा प्रांतात येऊन मागितली. पण त्याच अल्बर्टातल्या मूलनिवासींनी १९७० साली, कुणाच्याही माफीची वाट न पाहता जे केले, ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. नाव शाळेचे, काम संस्कृती मोडण्याचे. १९२० च्या कायद्याने ७ ते १५ वर्षांच्या मुलांना सक्तीने नेण्याचा अधिकार सरकारने घेतला. मुलांचे केस कापले, नावे बदलली. मातृभाषेत बोलले की मार. देशभरात सुमारे दीड लाख मुले यातून गेली, हजारो परतलीच नाहीत. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली या शाळांतले क्षयाचे मृत्यू लेखी मांडले होते. अहवाल बासनात गेला. ही कला फक्त आपल्या मंत्रालयालाच अवगत आहे असे समजू नये!

सेंट पॉल गावाजवळची ‘ब्लू क्विल्स’ ही अशीच एक कॅथलिक शाळा. तिथले वर्ग बंद करून मुलांना गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत घालायचे सरकारने ठरवले. वरवर पाहता ही सुटकाच! पण जुलै १९७० मध्ये मूलनिवासी पालकांनी त्या शाळेतच ठिय्या दिला. म्हातारेकोतारे, बायाबापड्या, पोरेबाळे. तिथेच स्वयंपाक, तिथेच मुक्काम. यातले कित्येक जण लहानपणी त्याच भिंतींआड मार खाऊन वाढलेले. तरी मागणी एकच : शाळा आमच्या ताब्यात द्या. खात्याचे मंत्री होते जाँ क्रेतियें, जे पुढे पंतप्रधान झाले. महिना संपता संपता सरकारला झुकावे लागले. मूलनिवासींच्या हाती आलेली कॅनडातली ही पहिली निवासी शाळा.

वसतिगृह पुढेही बरीच वर्षे चालले, हे लपवण्याचे कारण नाही. पण शिक्षक कोण, भाषा कोणती, हे आता पालक ठरवू लागले. आज तिथे मूलनिवासींचे स्वतःचे विद्यापीठ आहे. जिच्यासाठी मार बसे ती क्री भाषा तिथे शिकवली जाते.

वसतिगृह आपल्यालाही परके नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काढले, ते आपल्याच माणसांच्या हाती होते. आज महाराष्ट्रातल्या अनुदानित आदिवासी आश्रमशाळांना पैसा सरकार देते, कारभार खाजगी संस्था पाहतात. त्या संस्थांच्या कार्यकारिणीवर मुलांचे आईबाप किती आहेत, एवढे तरी आपापल्या तालुक्यात विचारून पाहा.