खेळाडूचा देश कोणता?

दोन देशांचे संघ फुटबॉलच्या मैदानांत समोरासमोर उभे राहिले म्हणजे प्रेक्षकांचें सारें लक्ष चेंडूकडे असतें; परंतु चेंडू हलण्यापूर्वींच एक प्रश्न सुटलेला असावा लागतो. देशाचा गणवेश अंगावर चढविण्याचा अधिकार या अकरा जणांस कशाच्या आधारें मिळाला? बहुतेकांच्या बाबतींत उत्तर सोपें असतें. ज्या देशांत जन्म झाला, तेथेंच आईबाप जन्मले आणि तेथेंच शिक्षणही झालें. पण ज्याचा जन्म एका देशांत झाला, ज्याच्या आईबापांचा देश दुसरा आणि ज्याचें बालपण तिसऱ्याच देशांत गेलें, अशा मुलाचा देश कोणता म्हणावयाचा? हा प्रश्न केवळ पंचांचा व कारकुनांचा आहे असें समजूं नये. एखाद्या होतकरू मुलाचें भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. आणि पोटासाठीं किंवा प्राणासाठीं देश सोडणारीं कुटुंबें जगांत असंख्य असल्यामुळें हा प्रश्न वारंवार उपस्थित होणारच.

सन २०१७ च्या जुलै महिन्यांतील एक उदाहरण घेऊं. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटें यांतील देशांची ‘गोल्ड कप’ नांवाची स्पर्धा त्या वेळीं अमेरिकेंत चालू होती. ७ जुलै रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील हॅरिसन येथें कॅनडानें फ्रेंच गियानाचा ४–२ असा पराभव केला. कॅनडाच्या चार गोलांपैकीं दोन आल्फॉन्सो डेव्हिस नांवाच्या अवघ्या १६ वर्षांच्या मुलाचे होते. पुढें चारच दिवसांनीं ह्यूस्टन येथें त्याच फ्रेंच गियानानें होंडुरासशीं बरोबरी केली. कोणाचाच गोल झाला नव्हता. परंतु फ्रेंच गियानातर्फें फ्लोराँ मालूदा हा नामांकित खेळाडू मैदानांत उतरला होता. तो खेळण्यास पात्र नव्हता, असा निर्णय होऊन सामना होंडुरासनें ३–० असा जिंकल्याचें जाहीर करण्यांत आलें.

यांतील विशेष हा, कीं मालूदाचा जन्म फ्रेंच गियानाच्या राजधानींत, कायेन येथें झालेला होता. आणि डेव्हिसचा जन्म मात्र कॅनडापासून हजारों मैल दूर, आफ्रिका खंडांत झाला होता. जन्मभूमीसाठीं खेळणारा अपात्र ठरला आणि परक्या भूमींत जन्मलेला पात्र ठरला! वरवर पाहणारास हा न्याय उफराटा वाटेल. पण थोडा विचार केला तर त्यांत तथ्य आहे असें दिसून येईल.

मालूदा याची गोष्ट सरळ आहे. तो फ्रान्सच्या संघांतून ८० आंतरराष्ट्रीय सामने खेळला होता आणि २००६ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतही फ्रान्सच्याच बाजूनें लढला होता. फ्रेंच गियाना हा फ्रान्सचाच प्रदेश असून फुटबॉलची जागतिक नियामक संस्था जी फिफा, तिचा तो सभासद नाहीं. परंतु त्या स्पर्धेस फिफाचेच नियम लागू होते. एकदां एका राष्ट्राला दिलेला शब्द दुसऱ्या राष्ट्रासाठीं फिरवितां येत नाहीं, हें त्या नियमांचें एक मुख्य सूत्र आहे.

डेव्हिसची गोष्ट निराळी. त्याचे आईबाप लायबेरियाचे. त्या देशांत यादवी युद्ध पेटलें तेव्हां जीव वाचविण्यासाठीं तीं दोघें घानांत पळून आलीं आणि बुडुबुरम येथील निर्वासितांच्या छावणींत २ नोव्हेंबर २००० रोजीं आल्फॉन्सोचा जन्म झाला. तो पांच वर्षांचा असतांना कुटुंबाला कॅनडांत आश्रय मिळाला आणि लौकरच तें एडमंटन शहरीं स्थायिक झालें. आईबाप कामावर गेले म्हणजे आल्फॉन्सो धाकट्या भावंडांना सांभाळी. ज्या मुलांच्या घरीं बूट, वर्गणी व जाण्यायेण्याचा खर्च परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं शाळा सुटल्यावर विनामूल्य फुटबॉल चालविण्याचा एक उपक्रम त्या शहरांत होता. तेथेंच शाळेंतील शिक्षकांच्या नजरेस त्याचे पाय भरले. १४ व्या वर्षीं तो व्हँकूवरच्या संघाकडे शिकावयास गेला. ६ जून २०१७ रोजीं त्याला कॅनडाचें नागरिकत्व मिळालें आणि एका आठवड्याच्या आंत, १३ जून रोजीं, तो देशाच्या संघांतून खेळला. कॅनडाच्या पुरुषांच्या संघांत तोंपर्यंत इतक्या लहान वयाचा खेळाडू कधींच उतरला नव्हता.

आतां हे नियम झाले कसे, तें पाहूं. प्रारंभींच्या काळीं या बाबतींत बरीच मोकळीक होती. लुइस मोंटी हा १९३० सालीं अर्जेंटिनातर्फें विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि १९३४ सालीं इटलीतर्फें! फेरेंत्स पुश्काश यानें १९५४ सालीं हंगेरीच्या संघाचें नेतृत्व केलें आणि १९६२ सालच्या विश्वचषकांत तो स्पेनच्या संघांत होता. पुढें एका राष्ट्रातर्फें अधिकृत सामना खेळलेल्यास दुसऱ्या राष्ट्रातर्फें खेळण्याची बंदी झाली. तरी पळवाट राहिलीच. कोठेंही न खेळलेला परदेशी खेळाडू गांठून त्यास पैसे व पासपोर्ट दिले, कीं तो आपला! २००४ सालीं कतार देशानें ब्राझीलच्या कांहीं खेळाडूंच्या बाबतींत असा घाट घातला, तेव्हां फिफा जागी झाली. नवें नागरिकत्व घेणाऱ्याचा त्या देशाशीं खरा संबंध असला पाहिजे. तो तेथें जन्मलेला असावा, किंवा त्याचे आईबाप वा आजीआजोबा यांपैकीं कोणी तेथें जन्मलेलें असावें, अथवा तो तेथें दोन वर्षें राहिलेला असावा, असें ठरलें. २००८ सालीं या दोन वर्षांचीं पांच वर्षें झालीं आणि तींही वयाच्या १८ व्या वर्षांनंतरचीं!

राष्ट्रीय संघ हा बाजारांत विकत घेण्याचा माल नव्हे. क्लबांनीं खेळाडू विकत घ्यावेत, विकावेत; तो त्यांचा व्यवहारच आहे. पण राष्ट्राच्या नांवानें जो संघ उभा राहतो त्यांत पैशाला प्रवेश मिळाला, तर पंधरावीस धनाढ्य देशांवांचून इतरांनीं खेळूंच नये असें होईल. म्हणून या नियमाचा हेतु योग्यच होता, असें आमचें मत आहे.

परंतु चोरासाठीं लावलेल्या कुलपानें घरचींच मुलें बाहेर राहावींत, तसा प्रकार येथें घडूं लागला. जो मुलगा पांचव्या वर्षीं आईचें बोट धरून नव्या देशांत आला, तेथल्या शाळेंत मुळाक्षरें शिकला, तेथल्याच मैदानांत धडपडला, त्याचीं तीं सर्व वर्षें नियमाच्या अक्षरांप्रमाणें शून्य ठरत होतीं; कारण मोजणी अठराव्या वर्षांपासून सुरू व्हावयाची! अशा मुलांसाठीं अपवाद म्हणून परवानगी मिळत असे, हें खरें. पण जें न्यायानें मिळावयाचें तें कृपेनें मागावें लागणें बरें नव्हे. सुदैवानें २०२० च्या सप्टेंबरांत हा दोष दूर झाला. दहा वर्षांच्या आंत आलेल्या मुलास तीन वर्षांचा रहिवास पुरे. दहा ते अठरा या वयांत आलेल्यास पांच वर्षें, आणि राष्ट्रीय संघांत खेळण्याच्या हेतूनें तो आलेला नाहीं याबद्दल खात्री पटविणें आवश्यक. अठरानंतर आलेल्यासही पांच वर्षें.

जितकें वय लहान तितकी अट सौम्य, हें तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें. लहान मूल आपला देश आपण निवडीत नाहीं. त्याच्यासाठीं तो निवडला जातो. जेथें तें वाढतें तेथलीच भाषा त्याच्या तोंडीं बसते, तेथलीच हवा त्याच्या अंगीं मुरते. प्रौढ मनुष्याच्या दहा वर्षांनीं जें होत नाहीं, तें बालपणाच्या तीन वर्षांनीं होतें. हें घरोघरींच्या आईबापांना कोणीं सांगावयास नको.

विद्यार्थ्यांना विशेष रुचेल असा आणखी एक दाखला आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचे फुटबॉलचे संघ चार, पण नागरिकत्व एकच, ब्रिटिश. तेव्हां खेळाडू कोणाचा हें पासपोर्टावरून कळावें कसें? या चार संघटनांनीं आपसांत असें ठरविलें आहे, कीं जन्माचा किंवा आईबाप-आजोबांचा संबंध नसला, तरी ज्या ब्रिटिश नागरिकाचें अठरा वर्षांच्या आंतील पांच वर्षांचें शिक्षण ज्या देशांत झालें, त्या देशातर्फें त्यास खेळतां यावें. म्हणजे शाळेचा दाखला हाच तेथें मायभूमीचा दाखला! शाळा मनुष्याला देश देते, हें यापेक्षां स्पष्ट शब्दांत कोणीं सांगावें?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं याप्रमाणें श्रीमंत देश गरीब देशांचें गुणधन उचलून नेतात. आक्षेप पोकळ नाहीं. ज्या लायबेरियानें १९९५ सालीं जगांतील सर्वोत्तम ठरलेला जॉर्ज वेआ जगाला दिला, तो देश विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेंत कधींच पोंचलेला नाहीं. पण डेव्हिसला कोणीं पळवून नेलें नव्हतें. युद्धानें त्याच्या कुटुंबाला हांकलून दिलें होतें. छावणींतून आलेल्या पांच वर्षांच्या पोराच्या पायांत काय दडलें आहे हें कोणास ठाऊक होतें? गुण पाहून आश्रय देणें हा सौदा होय. आश्रय दिल्यावर गुण उमलणें हें त्या आश्रयाचें फळ होय. नियमानें या दोहोंतील भेद ओळखावा, एवढीच अपेक्षा.

दुसरा आक्षेप निष्ठेचा. ज्याला दोन देश आहेत त्याची निष्ठा अर्धीच असणार, असें कित्येकांना वाटतें. त्यांनीं मुनिर एल हद्दादी याची हकीगत ऐकावी. याचा जन्म स्पेनमधला, वडील मोरोक्कोचे. २०१४ च्या सप्टेंबरांत, १९ वर्षांचा असतांना, मॅसिडोनियाविरुद्धच्या सामन्यांत स्पेननें त्याला शेवटचीं १३ मिनिटें खेळविलें आणि पुन्हां कधींही मुख्य संघांत खेळविलें नाहीं. परंतु तो सामना अधिकृत स्पर्धेतील असल्यामुळें मोरोक्कोचें दार बंद झालें. २०१८ च्या विश्वचषकापूर्वीं त्यानें क्रीडा-लवादाकडे दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. तेरा मिनिटांनीं त्याला कित्येक वर्षें जखडून ठेविलें! यांत निष्ठा कोणाची कमी पडली, मुलाची कीं त्याला वापरून विसरणाऱ्यांची? २०२० च्या दुरुस्तीनें ही बेडीही सैल झाली. २१ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तीनहून अधिक सामने न खेळलेला आणि विश्वचषकाच्या किंवा आपल्या खंडाच्या अंतिम स्पर्धेंत न उतरलेला खेळाडू, तीन वर्षें लोटल्यावर, एकदां देश बदलूं शकतो. त्याप्रमाणें २०२१ सालीं मुनिर मोरोक्कोच्या संघांतून खेळला. दिलेला शब्द पाळावा हें खरें. पण अजाणत्या वयांत घाईघाईनें घेतलेला शब्द जन्मभर गळ्यांत अडकवूं नये, हेंही तितकेंच खरें.

आपल्या देशाचा कायदा या बाबतींत कडक आहे. भारताचा नागरिक एकाच वेळीं दुसऱ्या देशाचा नागरिक असूं शकत नाहीं. म्हणून परदेशीं जन्मलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूस येथें खेळावयाचें तर तिकडचें नागरिकत्व सोडावें लागतें. पुण्याच्या संघांतून खेळलेले अराता इझुमी यांची आई जपानी व वडील भारतीय. त्यांनीं जपानचें नागरिकत्व सोडून २०१२ सालीं भारताचें स्वीकारलें आणि २०१३ सालीं ते भारताच्या संघांतून खेळले. हा त्याग लहान नव्हे. कायदा कसा असावा हें जाणत्यांनीं ठरवावें. परंतु जो एवढी किंमत देऊन आपल्याकडे येतो त्याला परका म्हणण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, नियम करणें तुमच्या हातीं नाहीं. पण मैदान तुमच्या हातीं आहे. तुमच्या वर्गांत परप्रांतांतून आलेला, निराळी भाषा बोलणारा, बदलीमुळें किंवा मजुरीमुळें येथें येऊन पडलेला एखादा मुलगा असेलच. संघ निवडतांना तो शेवटपर्यंत कडेला उभा राहतो काय, हें पाहा. आणि पालकहो, “तो आपल्यांतला नव्हे,” हे शब्द मुलें घरींच शिकतात, हें विसरूं नका. कॅनडाचा पुरुषांचा संघ १९८६ सालीं प्रथम विश्वचषकांत गेला आणि एकही गोल न करतां परतला. त्यानंतर ३६ वर्षांनीं, २७ नोव्हेंबर २०२२ रोजीं, क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटास त्या देशाचा विश्वचषकांतील पहिला गोल झाला. सामना कॅनडानें गमावला, पण तो गोल इतिहासांत राहिला. आणि तो करणारा होता आल्फॉन्सो डेव्हिस. ज्या शहरानें त्या पोरक्या पोराला शाळेंत बाक दिलें व मैदानांत चेंडू दिला, त्या शहरानें उपकार केला नाहीं. आपलेंच मूल वाढविलें. आपणही तसेंच करावें.