मेजवानीचा व्यवस्थापक : आमचाच एक व्यापारी बंधु

आमची सारी हयात बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये गेली. मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही. परंतु कोणता धंदा प्रतिष्ठेचा व कोणता हलका, याविषयीची आमची मते कोणाही पदवीधराहून ठाम होती. म्हणूनच आमच्या पुतण्याने पेढीवर बसण्याचे नाकारून एका शाकाहारी हॉटेलांत सभा व मेजवानी विभागाची व्यवस्थापकी पत्करली, तेव्हा 'लोकांची ताटे उचलण्यासाठी का तुला शिकविले?' असे आम्ही त्यास चारचौघांत विचारले. तो प्रश्न आज आम्ही चारचौघांतच परत घेत आहो.

वास्तविक बेळगावकरांस या कामाची थोरवी सांगावयास नको. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. भाषणे करणारांची नावे ग्रंथांत राहिली. पाण्याची चिंता वाहणारांची आठवण त्या विहिरीनेच ठेवली. पुढे १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईस या विद्येचे महाविद्यालयही निघाले.

या व्यवस्थापकाचे काम म्हणजे ताटे उचलणे नव्हे. सकाळी लग्न, दुपारी कंपनीची सभा, रात्री वाढदिवस, असे एकच सभागृह दिवसांत तीनदा मांडावयाचे. प्रत्येक कार्याचा एक कागद निघतो. त्यांत पाने किती, खुर्च्या कशा, पदार्थ कोणते, वेळ कोणती, हे सारे लिहून स्वयंपाकघरापासून दिवाबत्तीपर्यंत प्रत्येकाच्या हाती द्यावयाचे. गरम अन्न साठ अंशांखाली उतरू द्यावयाचे नाही. यजमानाने कबूल केलेल्या किमान पानांवर हिशेब बांधावयाचा. वानगी, सौदा, विसार, घट ही आमचीच परिभाषा तेथे निराळ्या नावांनी नांदते.

आमचे डोळे उघडले ते आमच्याच घरच्या कार्यांत. दुसऱ्या एका हॉटेलांत आम्ही सहाशे पाने लिहून दिली. त्याच मुहूर्तावर गावांत आणखी लग्ने होती. साडेचारशेही पाहुणे आले नाहीत. सहाशेंचे पैसे देण्याची वेळ येताच आम्ही आवाज चढविला. तेथील तरुण व्यवस्थापकाने काही न बोलता आमचीच सही पुढे ठेविली. घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, 'काका, सौदा ठरलेला माल गिऱ्हाइकाने उचलला नाही, तर ती घट तुम्ही कोणाच्या खाती लिहिता?' आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसरा दोष याहून लाजिरवाणा. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे असा आग्रह आपण धरतो, आणि सत्कारांत व छायाचित्रांत यजमान स्वतःच दिवस मावळवितात. मग ज्येष्ठ मंडळी उपाशी उठली की बोल लागतो तो व्यवस्थापकास!

काही बंधु विचारतील, जेथे आमिष शिजते तेथे आपल्या मुलांनी कसे राबावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याचे उत्तर शाकाहारी हॉटेले निवडणे हे होय, मुलांस या विद्येपासून तोडणे नव्हे. उलट कंदमूळरहित भोजनाची मर्यादा जाणणारा माणूस त्या जागी असेल, तर आपल्या कार्यांची शुद्धता अधिकच राखली जाईल.

म्हणून सभासदांस आमची विनंति अशी. पानांची संख्या दोन दिवस आधी, खरीखुरी, लेखी द्यावी. प्रतिष्ठेसाठी फुगवू नये. भोजनाची वेळ सत्कारांच्या आधी राखावी. आणि न वाढलेले अन्न गरजूंस पोहोचविण्याची तजवीज आगाऊ ठरवावी; २०१९ पासून केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांतही अशा दानाची रीत घालून दिलेली आहे. आमच्या कार्यांत उरलेला भात त्या तरुणानेच वेळेत वाटला, म्हणून ते पाप आमच्या माथी बसले नाही.

पोते फाटले तर सांडलेले दाणे आम्ही वाकून वेचतो. तीच दृष्टि ज्याच्या ठायी आहे, तो पेढीवर बसो वा सभागृहाच्या दाराशी उभा राहो, त्यास आम्ही आपलाच व्यापारी बंधु मानतो.